इलायजाच्या फोनमधली अक्षरं

लुईसाने वडिलांना पाठवलेला पहिला संदेश तेवीस अक्षरांचा होता आणि तिकडे पोचले ते तेवीस चौकोन. अर्ध्या तासात मॉन्ट्रियलहून फोन आला. वडिलांच्या खोलीत राहणारा गॉर्डी वापाची बोलत होता.

"लुईसा, जुमशूम विचारतायत, तू त्यांना खिडक्या कशाला पाठवल्यास?"

"कसल्या खिडक्या?"

"रिकाम्या. ओळीने मांडलेल्या. म्हणतायत, नवं घर बांधायला काढलंयस की काय?"

मागून वडिलांचं खो खो हसणं ऐकू आलं. लुईसाही हसली. पण फोन ठेवल्यावर तिने आपल्याकडे तोच संदेश उघडून पाहिला, तर तिथेही चौकोनच होते. लिहिताना तिने वेगळ्या उतरवून घेतलेल्या कीबोर्डच्या बटणांवर अक्षरं नीट दिसत होती, बटण दाबताक्षणी त्यांचे डबे होत होते.

इलायजा चिस्कमिश चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. जेम्स बेच्या काठावरच्या क्री वस्तीत त्यांचा जन्म गेला होता, त्यातला बराचसा रानात, सापळे आणि जाळी लावण्यात. वस्तीतले लहानथोर त्यांना जुमशूम, म्हणजे आजोबा, म्हणत आणि मॉन्ट्रियलच्या रुग्णनिवासातही दोन दिवसांत तेच नाव पडलं होतं. जानेवारीत त्यांची मूत्रपिंडं थकली. गावच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करायच्या खुर्च्या मोजक्या. एखादी रिकामी होईपर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार मॉन्ट्रियलला यंत्राला जोडून बसायचं, असं ठरलं.

एवढ्यावर भागलं असतं तर लुईसाने रोज फोन केला असता. पण पन्नास वर्षं उजव्या कानाशी बंदूक आणि पुढ्यात स्कीडूचं, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरचं, इंजिन, यांनी इलायजाचे कान खाऊन टाकले होते. समोरासमोर ओरडलं तर थोडं कळे, फोनवर नुसता वारा ऐकू येई. इंग्रजी, फ्रेंच येत नव्हतं. वाचता लिहिता येत होती ती फक्त क्री लिपी. एकच आकार चार दिशांना फिरवला की चार स्वर होतात, ती. आईने तंबूत बसवून एका हिवाळ्यात शिकवलेली. टपालाने पत्र जायला दहा दिवस लागत. म्हणून लुईसाने एकसारखे दोन फोन घेतले होते, एक त्यांना, एक स्वतःला.

आणि त्या फोनला जगातल्या नाही नाही त्या लिप्या येत होत्या, क्री येत नव्हती.

लुईसा सेहेचाळीस वर्षांची, शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण. फोनच्या आत काय असतं याच्याशी तिचा कधी संबंध आला नव्हता. पण आठ दिवस दुपारची भांडी आवरली की ती लॅपटॉप घेऊन बसे आणि वाचत राही. हळूहळू तिला उमगलं. अक्षरांचा साठा फोनमध्ये ज्या कप्प्यात असतो, त्याला कंपनीने कुलूप घातलेलं असतं. ते उघडून फोनचा पुरा ताबा आपल्याकडे घ्यायचा, याला लोक रूट करणं म्हणत. ताबा आला की हवी ती अक्षरं आत ठेवता येतात. हात चुकला तर फोनची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही, असंही ते लोक म्हणत.

अशा उद्योगी लोकांच्या एका चर्चेत तिने आपली अडचण मांडली. पहिलं उत्तर आलं, "इंग्रजीत का लिहीत नाही?" दुसरं आलं, "वडिलांना इंग्रजी शिकवा, सोपं पडेल." लुईसाने त्या दुसऱ्याला उद्देशून चार ओळी लिहिल्या, वाचल्या आणि पुसून टाकल्या. तिसरं उत्तर मंडालेच्या एका माणसाचं होतं. त्याने आपल्या बर्मी अक्षरांसाठी हेच केलं होतं. अक्षरांची फाइल कुठे ठेवायची, मग फोनकडे लिप्यांची जी यादी असते तिच्यात आपली ओळ कशी घालायची, सगळं त्याने क्रमाने लिहिलं होतं. शेवटी बजावलं होतं, "यादीत एक कंस चुकला तरी फोन उठणार नाही. आधी तुमच्या फोनचं मूळ सॉफ्टवेअर उतरवून जवळ ठेवा. मगच आत हात घाला."

मूळ सॉफ्टवेअर जवळजवळ एक जीबी होतं. गावातलं इंटरनेट एवढं ओढायला महिना लावेल, असं म्हणून लुईसाने तेवढी एक सूचना बाजूला ठेवली. बाकी सगळं जसंच्या तसं केलं.

मार्चमधल्या एका रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने आपला फोन रूट केला. ते काम सुरळीत झालं. अक्षरांची फाइल आत गेली. यादीत ओळ घातली. तिने फोन बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव झळकलं, विझलं, पुन्हा झळकलं, पुन्हा विझलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तेच.

तिचा नवरा रॉडी विमानतळावर सामान चढवण्याचं काम करायचा. तो चहाचा मग घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"गेला का?"

"नाही. श्वास चालू आहे."

"पण डोळे उघडत नाही."

"रॉडी, तू जा बरं इथून."

फोन जिथून घेतले होते त्या व्हाल-दोर शहरातल्या दुकानात तिने घरच्या फोनवरून विचारलं. नऊशे किलोमीटरवरून दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "तुम्ही आत काही केलंत का?" लुईसाला खोटं बोलणं जमलं नाही. "मग हमी संपली, बाई," तो म्हणाला.

आता फोन दुकानातून आला होता तसा करायचा, तर तीच टाळलेली फाइल लागणार होती. संध्याकाळी गावातली सगळी पोरं इंटरनेटवर तुटून पडत. फाइल चाळीस टक्क्यांवर आली की लाइन तुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुख्याध्यापकांना विचारून तिने लॅपटॉप शाळेच्या खानावळीत ठेवला. तिथे एकदा त्र्याऐंशी टक्के झाले. तेवढ्यात मदतनीस बाईंनी बटाटे सोलायचं यंत्र लावायला प्लग काढला. त्या दिवशीचे बटाटे मग लुईसाने सगळे हाताने सोलले. एप्रिल संपेपर्यंत तिने अकरा वेळा प्रयत्न केला होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात रानहंसांची सुटी आली. बर्फ वितळायला लागतं, दक्षिणेकडून थवे येतात आणि शाळा, कचेऱ्या बंद करून सगळं गाव रानातल्या छावण्यांकडे निघतं. रॉडी स्लेजवर सामान बांधत होता. लुईसा पायरीवर नुसती उभी होती.

"तुझी पिशवी कुठाय?"

"मी येत नाहीये."

रॉडीने दोर हातातून सोडला. "बरं नाही का?"

"बरी आहे. गाव रिकामं झालं की इंटरनेट मोकळं होईल."

"लुईसा, जन्मल्यापासून तू एक सुटी चुकवलेली नाहीस. बाळंतपणाच्या वर्षीसुद्धा आली होतीस."

"म्हणून तर एक चुकवली तर चालेल."

"हंस सोडून इंटरनेट भाजून खाणारेस?"

"माझ्या वाटचे दोन जास्त मार आणि पंख नीट काढ. गेल्या वर्षी अर्धे तसेच ठेवले होतेस."

स्कीडूचा आवाज खाडीकडे विरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात दवाखान्यातली एक नर्स, दोन पोलीस आणि मोकाट कुत्री एवढेच उरले होते. लुईसाने टेबलावर लॅपटॉप उघडला, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. डोक्यावरून हंसांचे थवे कलकलाट करत जात होते. प्रत्येक थव्याला तिची मान आपोआप वर जाई आणि छत पाहून खाली येई. तीन तास चाळीस मिनिटांनी फाइल पूर्ण उतरली.

मग तिने फोनची तीन बटणं एकदम दाबून धरली. आवाज कमी करायचं, मधलं आणि चालू करायचं. फोन दुरुस्तीच्या पडद्यावर आला. वायर जोडली, लॅपटॉपवरच्या खिडकीत फाइल दिली आणि सुरू केलं. निळी पट्टी सरकत गेली. फोन एकदा थरथरला आणि उठला, अगदी खोक्यातून काढल्यासारखा कोरा, आणि विचारू लागला, भाषा कोणती? इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश.

"थांब, सांगते," लुईसा त्याला म्हणाली.

तिथेच थांबून चार दिवस छावणीवर जाता आलं असतं. तिने ब्रेड आणि चहा घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला यादीत घातलेली ओळ तिने बोट ठेवून एकेक खूण वाचली. मार्चमधल्या ओळीशी ताडून पाहिली. तिथे शेवटचा कंस बंद करायचा राहिला होता. एवढाच. दोन महिने त्या एका कंसाने खाल्ले होते.

दुपारी फोन चालू झाला तेव्हा तिने वडिलांचं नाव लिहिलं. अक्षरं आली. काळीशार, गोलसर, हातमोज्यांवर आई सुईने नक्षी भरायची तशी रेखीव. तिने ते नाव पुसलं, परत लिहिलं, परत आलं. घरात दाखवायला कुणी नव्हतं. तिने रानाचा रेडिओ उचलला.

"रॉडी! अक्षरं आली!"

खरखरीतून रॉडीचा आवाज आला. "काय आलं?"

"अक्षरं! फोनवर!"

"आम्हाला सहा हंस आले!"

त्या रेडिओवर रानातल्या सगळ्या छावण्या कान लावून असतात. कुठूनतरी कुणीतरी म्हातारी म्हणाली, "शाबास, पोरी." मग एकेक छावणी बोलू लागली, आणि कुणीतरी विचारलं, माझ्याही फोनचं करशील का?

मॉन्ट्रियलचा फोन घरी परतणाऱ्या एका पेशंटबरोबर आला, लुईसाने एका बैठकीत तयार केला आणि पुढच्या विमानाने परत गेला. जूनच्या पाच तारखेला, बुधवारी, इलायजाचं पहिलं उत्तर आलं.

"वाचता आलं. इथला मासा कधी पाण्यात होता असं वाटत नाही. बर्फ गेलं का?"

यंत्रावर चार तास एका जागी बसायचं असे, त्या वेळात ते लिहीत. आधी दोन ओळी, मग पाच, मग पडदाभर. लुईसा खानावळीत पातेलं ढवळता ढवळता वाचे. गेली दहा वर्षं घरातले सगळे त्यांच्याशी दोन शब्दांत ओरडून बोलत आले होते. जेवायला चला. औषध घ्या. गाडी आली. तेही मान हलवून गप्प बसत. बाबा अबोल झालेत असं लुईसाने कधीच धरून टाकलं होतं. आता ते लिहीत होते की गॉर्डी काउबॉयचे सिनेमे बघतो आणि दर वेळी इंडियन, म्हणजे आपले लोक, हरले की त्याला नव्याने आश्चर्य वाटतं. त्यांनी हेही विचारलं की हंसांच्या सुटीत ती छावणीवर का गेली नाही. तिने खरं कारण लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या आईची गोष्ट लिहून पाठवली. ती लुईसाने कधीच ऐकली नव्हती.

जुलैत पाऊस झाला नाही आणि रान पेटलं. दक्षिणेला वणवा रस्त्यापर्यंत आला, रस्ता बंद झाला. धुरामुळे विमानं उतरेनात. सकाळी उठावं तर सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा, आणि दोरीवरच्या कपड्यांना जळकट वास. अशातच गॉर्डीचा फोन आला.

"जुमशूमचा फोन गेला."

"गेला म्हणजे?"

"नुसतं कंपनीचं नाव येतं आणि जातं. काल पडद्यावर आलं, नवं सॉफ्टवेअर आलंय, घ्यायचं का? मी म्हटलं घ्या."

"तू म्हटलंस?"

"फुकट होतं, लुईसा."

तिने कपाळाला हात लावला. आतलं कुलूप काढलेल्या फोनवर कंपनीची नवी आवृत्ती अर्धवट बसते आणि अडकते, हे तिने वाचलं होतं. त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. "त्याला परत मूळ सॉफ्टवेअर घालायला लागेल. पण फोन इकडे आणायचा कसा? विमानच नाही."

"ते मी सांगितलं त्यांना. कागदावर चित्रं काढून. टीव्हीवर आग दाखवतायत, ते खिडकीपाशी बसून आहेत. काल जेवले नाहीत. थांब, काहीतरी म्हणतायत." गॉर्डी दूर गेला, परत आला. "म्हणतायत, मुलीला सांग, तिने जे केलं ते सगळं मला लिहून पाठव. मी करतो."

"त्यांना? गॉर्डी, सगळं इंग्रजीत असतं."

"इंग्रजी मला येतं. तुझी अक्षरं येत नाहीत. सात वर्षांचा असताना सरकारने इंग्रजी निवासी शाळेत उचलून नेलं, तिथे ती कोण शिकवणार होतं?" मग तो म्हणाला, "त्यांना तुझं येतं, मला यंत्राचं येतं. दोघं मिळून एक माणूस होतो की नाही?"

"लॅपटॉप?"

"माझा आहे. पण माझ्या सिनेमांना काही झालं तर बघ."

लुईसा त्या दुपारी टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. हे तिने आतापर्यंत केलेलं सगळ्यात कठीण काम होतं. डाउनलोडला क्रीमध्ये शब्द नव्हता, रूट करण्याला नव्हता. तिने वडिलांना ठाऊक असलेल्या गोष्टींनी लिहिलं. मूळ सॉफ्टवेअरला लिहिलं, फोन दुकानात जसा होता तसा. कुलूप उघडण्याला लिहिलं, केबिनची किल्ली आपल्या हाती घेणं. निळ्या पट्टीबद्दल लिहिलं, "बर्फाखालून जाळं ओढताना तुम्ही मधे थांबत नाही. तसंच पट्टी पूर्ण भरेपर्यंत वायरला कुणीही हात लावायचा नाही. गॉर्डीने तर मुळीच नाही." यादीची फाइल तिने स्वतः तयार करून गॉर्डीकडे पाठवली, म्हणजे कंस चुकायला वावच नको. शेवटी लिहिलं, "फोनमधले आधीचे सगळे संदेश पुसले जातील."

हाताने लिहिलेली सहा पानं झाली. ती वस्तीच्या कचेरीत गेली आणि रुग्णनिवासाला फॅक्स केली. यंत्रावर पानं जात असताना कचेरीतल्या रेडिओवर बातमी सांगत होते. नदीच्या वळणावरच्या चार केबिनी काल जळल्या. नावं सांगितली. तिसरं नाव इलायजा चिस्कमिश होतं.

ती केबिन त्यांनी लुईसा चौदा वर्षांची असताना बांधली होती. खांब धरायला तीच होती. सहावं पान यंत्रातून बाहेर आलं. तिने ते घडी घालून खिशात ठेवलं. केबिनबद्दल तिने गॉर्डीला काही सांगितलं नाही. ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, यंत्राला सुटी. सकाळी दहाला गॉर्डीने फोन लावून स्पीकरवर टेबलावर ठेवला. लुईसाला इकडे नुसतं ऐकायचं होतं. वडील पान मोठ्याने वाचत होते, धिमेपणाने, गावच्या चर्चमध्ये वाचतात तसे.

"तीन बटणं एकदम दाब," ते वाचत होते. मग म्हणाले, "दाबली."

"पडद्यावर इशारा आलाय," गॉर्डी म्हणाला. "धोका आहे म्हणतंय. पुढे जायचं का?" आणि ओरडला, "जुमशूम, धोका आहे!"

"असेल," इलायजा म्हणाले. "पुढचं."

"लॅपटॉपला फोन दिसत नाहीये," गॉर्डी म्हणाला. "लुईसा, दिसत नाहीये!"

"वायर कुठली लावलीस?" ती ओरडली.

"माझी. चार्जिंगची."

लुईसा सांगणार तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आवाज आला. "काय करतायत?"

"तुझ्या पत्रात काहीतरी वाचलं आणि उठले. खोकं आणलंय. फोनच्या खोक्यातली वायर. अजून सुतळीत गुंडाळलेली आहे, बघ. माझ्या हातातून माझी काढून घेतली. हं... दिसला! लुईसा, फोन दिसला!"

"फाइल दे आता. आणि सुरू कर."

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"निम्म्यावर आली," गॉर्डी म्हणाला. मग म्हणाला, "थांबली."

"थांबू दे."

"दोन मिनिटं झाली. तिथेच आहे. वायर जरा हलवून बघू?"

"गॉर्डी!"

पलीकडे फट्कन आवाज आला आणि गॉर्डी कळवळला. "मारलं मला!" तो म्हणाला. "जुमशूमनी हातावर मारलं!"

इलायजाचा आवाज आला, शांत. "जाळं ओढतोय ना आपण?"

लुईसाने आपल्या टेबलाची कड घट्ट धरली होती. मनातल्या मनात ती आकडे मोजत होती. दोनशेपर्यंत आली तेव्हा गॉर्डी ओरडला, "हलली! चालली! भरली!" आणि थोड्या वेळाने, "उठला! लुईसा, फोन उठला! नवाकोरा! आम्ही केलं!" तो टाळ्या पिटत होता. "जुमशूम, झालं! चला, चहा पिऊ."

"अजून खिडक्याच आहेत," इलायजा म्हणाले. "चौथं पान."

किल्ली हाती घ्यायला अर्धा तास गेला. अक्षरांची फाइल, मग यादीची फाइल. एका ठिकाणी चौकटींमध्ये खुणा करायच्या होत्या. कुठल्या तीन ते गॉर्डीला कळेना. इलायजांनी पानावरचं चित्र आणि पडदा शेजारी धरून बोटाने दाखवलं. पावणेबाराला फोन शेवटचा बंद करून चालू केला. रुग्णनिवासाच्या त्या खोलीत आणखी माणसं जमली असावीत, कारण लुईसाला चार-पाच खोकले ऐकू आले.

मग तिच्या हातातला फोन वाजला. वडिलांचा संदेश होता, क्री अक्षरांत.

"माझ्या केबिनचं काय झालं?"

स्पीकरवर गॉर्डी विचारत होता, "आलं का? काय लिहिलंय? मला वाचता येत नाही आणि ते पडदा कुणाला दाखवत नाहीत." लुईसा म्हणाली, "आलं. नीट आलं. तुम्ही फार छान काम केलंत, गॉर्डी," आणि फोन ठेवला.

मग तिने लिहिलं, "जळली. परवा. वळणावरच्या चारही गेल्या. माणसं सगळी सुखरूप आहेत." पाठवलं.

उत्तराला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तिने ओटा दोनदा पुसला.

"चूल राहिली असेल. लोखंडाची आहे."

मग दुसरा संदेश. "कुऱ्हाडींचे दांडे जातील, पाती राहतील. कुणाला उचलू देऊ नको."

आणि त्या संध्याकाळी लांबलचक तिसरा. त्यात त्यांनी लिहिलं होतं की ती केबिन बांधायला पहिलं झाड कुठून तोडलं, पाया दोनदा कसा चुकला, तिच्या आईने दाराची जागा बदलायला कशी लावली आणि तिचं बरोबर होतं हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. लुईसाने ते रॉडीला वाचून दाखवलं. रॉडी सापळ्याला तेल लावत होता. तो हात थांबवून ऐकत राहिला.

"एवढं बोलतात ते?" तो म्हणाला.

पुढच्या महिनाभरात रुग्णनिवासातल्या सात म्हाताऱ्यांचे फोन इलायजांनी आणि गॉर्डीने मिळून तयार केले. एकाची वीट झाली. ती परत मूळ सॉफ्टवेअरवर आणायला त्यांना दोन दिवस लागले, पण आणली. गॉर्डीने त्या काळात इलायजांकडून लिपी शिकायला घेतली. छप्पन्नाव्या वर्षी त्याने लुईसाला पहिला संदेश लिहिला. त्यात चार चुका होत्या आणि मजकूर एवढाच होता की तुझ्या बाबांचा हात फार लागतो.

ऑक्टोबरमध्ये गावच्या दवाखान्यात खुर्ची रिकामी झाली आणि इलायजा घरी आले. हिवाळ्यात शाळेतल्या एका मास्तरांनी नवा फोन घेतला. त्यात क्री अक्षरं कंपनीनेच घालून दिलेली होती. लुईसाने ती डोळ्यांनी पाहून खात्री केली. पुढे तिनेही तसाच नवा फोन घेतला. जुन्यातली अक्षरं, यादीतली ओळ, कुलपाची किल्ली सगळं काढून तिने त्यात मूळ सॉफ्टवेअर घातलं आणि तो पुतणीला देऊन टाकला. तिला त्याचं काही वाटलं नाही. काम झालं होतं.

"बाबा, तुम्हीही नवा घ्या," तिने त्यांना लिहिलं. "आता काही करावं लागत नाही. आयतंच मिळतं."

ते टेबलाच्या पलीकडेच बसले होते. दोघं आता जेवतानाही असंच बोलत. त्यांनी चष्मा लावून वाचलं, फोन उचलून शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

बर्फ गेल्यावर, यंत्राला सुटी असलेल्या एका शनिवारी इलायजा, लुईसा आणि रॉडी नदीच्या वळणावर, जळलेल्या केबिनच्या जागी गेले. सगळीकडे काळे बुंधे होते आणि त्यांच्यामधून कोवळं हिरवं उगवत होतं. चूल होती. गंजली होती, एक पाय वाकला होता. इलायजांनी तिच्यावर थाप मारून पाहिली. मग ते एका ओंडक्यावर बसले आणि फोन काढला. तिथे नेटवर्क नव्हतं. त्यांनी लिहून फोन रॉडीपुढे धरला.

रॉडीने डोळे बारीक केले. लहानपणी शिकलेलं सगळं तो विसरला होता. "हे काय? लुईसा, काय म्हणतायत?"

"तूच वाच," लुईसा म्हणाली.

रॉडी ओठ हलवत एकेक अक्षर लावत गेला. "दार... इकडे... नाही." तो थांबला, पुढे गेला. "तिकडे." त्याने वर पाहिलं. "दार तिकडे?"

इलायजांनी मान हलवली, नदीच्या बाजूला बोट दाखवलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

"अबोल होते तेव्हाच बरे होते," रॉडी पुटपुटला आणि गाडीतून फावडं आणायला गेला.